मुंबईचा पगार, घाटावरचं घर

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून येणारे बहुतेक जण सातव्या लेण्यात गिरिजात्मजाला हात जोडतात आणि माकडांपासून पिशव्या सांभाळत खाली उतरतात. शेजारच्या सहाव्या लेण्यात डोकावणारे थोडेच. ते चैत्यगृह आहे आणि तिथे एक छोटा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं, असं त्यात म्हटलंय. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला हा माणूस. वडिलांच्या नावावरून घराणं सोनारकीतलं असावं. समुद्रकाठी कमावलेला पैसा घाट चढून जुन्नरात आला आणि इथे त्याची वास्तू उभी राहिली, याचा हा दगडातला पुरावा. आमच्या तालुक्यातल्या हजारो घरांनी पुढे तेच केलं. फक्त त्यांची नावं कुठे कोरली गेली नाहीत.

माझी आजी ओतूरकडची. तिच्या सासऱ्यांची, म्हणजे माझ्या पणजोबांची गोष्ट ती सांगायची. "मामंजी नाणेघाट उतरून गेले. खांद्यावर घोंगडी, फडक्यात चार भाकरी. वैशाखऱ्यात मुक्काम, मग मुरबाड, मग कल्याण. तिथून आगगाडी." कल्याणला आगगाडी १८५४ सालीच पोचली होती, पण जुन्नरच्या माणसाला तिथवर पोचायला सातवाहनांचीच वाट धरावी लागे. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, आणि गुहेच्या भिंतींवर नागनिका राणीचा लेख, त्यात यज्ञांत दिलेल्या गाई-घोड्यांची आणि कार्षापणांची मोजदाद. पणजोबांना अक्षरओळख नव्हती. जाताना त्यांनी रांजणात एक खडा टाकला आणि परत येईन तेव्हा दुसरा टाकीन असं ठरवलं, एवढं आजीला ठाऊक होतं.

मुंबईत ते उतरले लालबागला, गावाच्या खोलीत. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या जवळपास प्रत्येक घरात या खोलीची आठवण निघते. गावाने मिळून एक खोली भाड्याने घ्यायची, बारा बाय दहाची असेल नसेल, आणि गावातून जो पोरगा मुंबईला येईल त्याने तिथे वळकटी टाकायची. कुणी गिरणीत, कुणी मशीद बंदरला माथाडी, कुणी भायखळ्याला भाजीच्या गाळ्यावर, कुणी डबे पोचवायला. मुंबईच्या डबेवाल्यांतले बहुतेक जण आमच्याच पट्ट्यातले, मावळापासून अकोले तालुक्यापर्यंतचे. खोलीत भिंतीला फळ्या, फळीवर ज्याची त्याची पत्र्याची पेटी. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा. पावसाळ्यात गॅलरीत झोपणारे आत यायचे, तेव्हा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला सांगून. जेवण खाणावळीत, हिशेब पगाराला. आजोबा वयाच्या सोळाव्या वर्षी याच खोलीत आले आणि साचेखात्यात बदलीवर लागले. रोज गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. कायम व्हायला त्यांना कित्येक वर्षं लागली.

या खोलीत बायका नव्हत्या. तिचं वर्णन कितीही जिव्हाळ्याने केलं, आणि आम्ही सगळे ते करतो, तरी हे विसरून चालणार नाही. मुंबईने आमच्या माणसांना काम दिलं, पण संसाराला जागा दिली नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली, हे खरं. पण खोली हातात यायची ती पागडी मोजूनच. आजोबा म्हणायचे, "भाडं चहाच्या पैशात भागायचं गं, पण पागडी म्हंजी डोंगूर." शहर महाग झालं म्हणून लोक बाहेर पडतात ही आजची बातमी नाही. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला मुंबई पहिल्या दिवसापासून महाग होती. तो फक्त एकटा राहून ती परवडवून घेत होता. त्याची किंमत गावाकडे राहिलेली बाई मोजत होती.

आजीने ती कशी मोजली ते तिच्याच तोंडून ऐकलंय. महिन्याला मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओट्यावर बसायचा, ती अंगठा उठवायची, आणि फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर आजोबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या दोन ओळी पोस्टमनच वाचून दाखवायचा. त्या पैशांत दुकानाची उधारी, शाळेच्या पाट्या, सणवार. घर मात्र बोनसचं. एका दिवाळीच्या बोनसमध्ये जोतं झालं. पुढच्या दिवाळीला भिंती, पांढरीच्या मातीच्या. ती माती आजीने जावेबरोबर पाट्यांनी वाहून आणली, त्यात भुसा घालून पायांनी तुडवली, चार दिवस मुरवली. भिंत हातभर वर आली की थांबायचं, ती वाळली की पुढचा थर. तिसऱ्या बोनसला सागाचे वासे आणि कौलं. तोवर घर असं बिनछपराचं उभं होतं आणि पावसाळ्यात भिंतींच्या माथ्यावर ती पाचट अंथरून दगड ठेवायची. आजोबा वर्षातून दोनदा यायचे, एकदा दिवाळीला आणि एकदा श्रावणात कपर्दिकेश्वरच्या यात्रेला. तांदळाच्या पिंडी बघायच्या, दोन दिवस राहायचं आणि परत. घर बांधताना त्यांनी एकही पाटी उचलली नाही, आणि त्यांचा त्यात दोष नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला गेली. पाझर तलावाच्या कामावर, डोक्यावर पदर, मांडीशी धाकटी पोर. लाल मिलोची भाकरी आणि पोरांना सुकडी. त्या वर्षीही मनीऑर्डर आली, पण बाजारात दाणाच नव्हता. "पैसं व्हतं, खायला न्हवतं," ती म्हणायची. त्या मजुरीतून तिने घराला मागच्या अंगाला एक खण वाढवला. घरपट्टीची पावती मात्र आजोबांच्या नावाची.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांनी पुकारलेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले. चार-दोन महिन्यांत मिटेल म्हणून आजोबा पेटी घेऊन गावाला आले. संप मिटल्याची घोषणा कुणी कधी केलीच नाही. त्या उन्हाळ्यात ओतूर-उदापूर-डिंगोऱ्याच्या पट्ट्यात घरोघरी असे पुरुष ओट्यावर बसलेले होते, असं माझे वडील सांगतात. साचा चालवणाऱ्या हातांना औताचं रुमणं नीट धरता येईना. त्यांना सांभाळलं ते मातीच्या घराने, आणि ज्यांच्या बायकांनी असं घर उभं केलं नव्हतं ते कुणाच्या तरी वळचणीला राहिले. आजोबांच्या हाती आलं तेव्हा ते घर तयार होतं. मुंबई सोडून पहिलं घर मिळवणारे आमच्या घरातले ते पहिले.

आईकडची कहाणी याच्या उलटी. तिचं माहेर घोड नदीकाठचं आंबेगाव. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावात, बाजार मंचरला आणि आंबेगाव फक्त कागदावर. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या देवळाचे अवशेष वर येतात आणि पन्नाशीपुढची माणसं काठावर उभी राहून, इथे अमक्याचं दुकान होतं, इथे तालीम होती, असं बोटाने दाखवत बसतात. त्याच पाण्याने कुकडी प्रकल्पाच्या इतर धरणांबरोबर खालची शेतं बागायती केली. नारायणगावची द्राक्षं, टोमॅटो, मंचरपट्ट्यातला ऊस, हे सगळं त्या बुडालेल्या गावांवर उभं आहे.

आईची एक आत्या होती. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आलेली. भाऊ मुंबईत माथाडी कामाला आणि इकडे शेत तिने कसलेलं. घराची शाकारणी तिची, गोठा तिचा. धरण झालं तेव्हा मोबदला आणि पुनर्वसनाची जमीन आली ती खातेदाराला. खातेदार भाऊ. कचेरीतल्या माणसाने तिला विचारलं, बाई, तुमचं नाव कुठे आहे? तिला सांगता आलं नाही. भाऊ चांगला होता, त्याने तिला शेवटपर्यंत सांभाळलं. पण ती सांभाळली गेली. तिचं काही उरलं नाही. आई हे सांगते तेव्हा अजून तिचा आवाज चढतो.

इकडे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. कामगारांना घरं द्यायची म्हणून म्हाडाने २०१२ मध्ये सोडत काढली. अर्ज दीड लाखाच्या घरात, घरं काही हजार. २०१६ मध्ये एक सोडत निघाली ती पनवेलजवळच्या कोनच्या घरांची. नंतर वांगणी आणि शेलूचं नाव पुढे आलं, तेव्हा जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात जमले. त्यांचं म्हणणं साधं आहे: घाम लालबाग-परळला गाळला, घर तिथे द्या. ते न्याय्य आहे. आजोबांच्या नावाचा अर्जही वडिलांनी भरलाय. पण त्या अर्जाकडे बघत आणखी एक पिढी भाड्याच्या खोलीत काढायची का, हा प्रश्न आमच्यापुढे होता.

मी आणि नवरा कळव्याला भाड्याने राहत होतो. दर अकरा महिन्यांनी करार, दर करारात वाढ, आणि बँकेत कर्जाला गेलं की आमच्या पगारात बसणारं घर टिटवाळ्याच्याही पुढे सरकलेलं. नवऱ्याला चाकणच्या एका कारखान्यात काम मिळालं तेव्हा आम्ही निघालो. मंचर आणि नारायणगावच्या मध्ये, हमरस्त्यापासून थोडं आत, जागा शोधायला लागलो. पहिल्यांदा दाखवले गेले ते गुंठे. उसाच्या शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्यावर फलक. एजंट म्हणाला, "नोटरी करून देतो ताई, सातबारा मागनं होतोय." वडील सोबत होते. त्यांनी शांतपणे गट नंबर विचारला आणि निघू म्हणाले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा असा विकता येत नाही, आणि नोटरी केलेला कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. २०२५ मध्ये सरकारने रहिवासी भागापुरता हा कायदा सैल केला असला तरी शेतातली प्रत्येक चुन्याची रेघ त्यात बसते असं नाही. मुंबईहून आलेल्या किती जणांची आयुष्याची पुंजी अशा रेघांत अडकली आहे, ते इथे राहायला आल्यावर कळतं.

शेवटी गावठाणातलं एक जुनं घर घेतलं. दस्त माझ्या एकटीच्या नावावर. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि तेवढे पैसे आम्हाला छपराला हवे होते. दिराने विचारलं, दादाचं नाव का नाही? सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "त्याचं गावच्या सातबाऱ्यावर हाये की. हिचं कुठं हाये?" पुढे कुणी बोललं नाही.

इथे राहणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. ऊस वाढला तसे बिबटे वाढले. अंधार पडला की पोरांना अंगणातही एकटं सोडत नाही, आणि माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आमच्या मुलांना गोष्टीतल्या जागेसारखं नाही, रोजच्या बातमीसारखं माहीत आहे. मोठं दुखणं आलं तर पुणे गाठावं लागतं. नवऱ्याची कंपनीची बस पहाटे असते. मला माझं मुंबईतलं काम सोडावं लागलं आणि इथे तसं मिळालेलं नाही. तरी अकरा महिन्यांचा करार नाही. भिंतीला खिळा मारताना कुणाला विचारावं लागत नाही.

परवा ओतूरच्या जुन्या घराचा उतारा काढायला वडिलांबरोबर ग्रामपंचायतीत गेले. नमुना आठवर अजून आजोबांचं एकट्याचं नाव. आजोबा जाऊन वर्षं लोटली, आजीही गेली. वडील आता वारसनोंद करताहेत आणि त्यात दोन्ही आत्यांची नावं घालताहेत. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा १९९४ पासून आहे, तरी आमच्या गावात हक्कसोड लिहून घेण्याची घाई अजून तशीच. ज्या बाईने भिंतींची माती तुडवली तिचं नाव लावायचं मात्र राहूनच गेलं, आणि आता ते लागणार नाही.

तुमचं घर घाटावर असेल, कोकणात असेल किंवा नव्याने मुंबई सोडून घेतलेलं असेल, या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा आणि नमुना आठचा उतारा काढा. त्यावर पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. आई हयात असेल, तर तिचं नाव आधी बघा.