पुण्याचें नाक आणि कूर्चा

टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी या बैल हांकणाऱ्या इसमाला पुण्यास विटा पाडणाऱ्या जातींतील एका कारागिरानें कपाळाची कातडी वळवून नवें नाक दिलें. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'नें ऑक्टोबर १७९४ मध्यें ही हकीकत छापली. कारागिराचें नांव मात्र दिलें नाहीं! हस्तलाघव थोर खरें, पण नाकाला आंतून उभारी देणारी कूर्चा कोठून आणावी? तिच्यांत रक्तवाहिन्या नसल्यानें ती सहसा भरून येत नाहीं. बाहेर वाढवूं जातां तिच्या पेशी मूळ धर्म विसरतात. म्हणून शास्त्रज्ञ त्यांच्यांत अस्थिमज्जेंतील मूलपेशी मिसळून पाहतात. त्या सोबतींत थोड्या कूर्चापेशीही अधिक कूर्चा घडवितात. स्वित्झर्लंडांतील बाझलच्या वैद्यांनीं मात्र मिश्रण न करतां, रोग्याच्याच नाकांतील पेशींपासून वाढविलेल्या कूर्चेनें पांच जणांच्या नाकपुड्या सांधल्या. तो वृत्तांत २०१४ मध्यें प्रसिद्ध झाला.