बिनपगारी तपासनीस

मी ओहायोत वेल्डिंग शिकवतो आणि अधूनमधून शाळांना मान्यता देणाऱ्या आयोगासाठी दुसऱ्या राज्यांतल्या व्यवसाय-शाळा तपासायला जातो. मानधन नाही; प्रवास-मुक्कामाचा खर्च तेवढा मिळतो. शाळांनीच शाळांवर नजर ठेवायची ही प्रथा जुनी आहे. न्यू इंग्लंडच्या शाळा-कॉलेजांनी १८८५ साली आपली संघटना काढली, ती आपापसांत. पुढे १९४४ च्या जीआय बिलाने परतलेल्या सैनिकांची फी सरकार भरू लागलं आणि त्या पैशावर डोळा ठेवून धंदेशिक्षणाच्या शाळा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. कित्येकांत शिकवणं नावापुरतंच. म्हणून १९५२ च्या कायद्याने विश्वासार्ह मान्यता-संस्थांची यादी जाहीर करायचं काम शिक्षण आयुक्तांवर टाकलं.

शाळेचा स्वमूल्यांकन अहवाल मी वाचतो, पण भरवसा वर्कशॉपवर. सिलिंडर साखळीने बांधलेत का? धूर ओढणारा पंखा चालतो का? पोराने केलेला जोड वाकवला तर तडकतो का? फार गुळगुळीत अहवालाचा मला उलट संशयच येतो. निर्णय आमच्या हाती नसतो. आम्ही दिसलं ते लिहितो, मान्यता आयोग देतो. तरी वेल्डरचं काम वेल्डरनेच तपासावं, हे मला कागद तपासणाऱ्या साहेबापेक्षा बरं वाटतं.