पेन फिरवणे
बोटांवर पेन गरगरवणे : नगर-सोलापूर रस्त्यावरचे मिरजगाव (ता. कर्जत) असो की टोकियो, हा खेळ एकाचे पाहूनच दुसरा उचलतो. पाया एकच. मधल्या बोटाने पेन आत खेचायचे, की ते अंगठ्याला वळसा घालून पुन्हा चिमटीत येते. जपानीत याला ‘पेन मावाशी’ म्हणतात. प्रवेशपरीक्षा हुकून पुन्हा अभ्यासाला बसलेल्या ‘रोनिन’ पोरांवरून ‘रोनिन मावाशी’ हेही नाव पडले. (मास्तर तिथेही चिडत असणारच.) १९९० च्या दशकात हिदेआकी कोंदो यांनी या करामतींची पद्धतशीर नोंद केली आणि वर्गातल्या चाळ्याचा छंद झाला. पुढे ‘बोनकुरा’ या टोपणनावाने गाजलेल्या र्‍यूकी ओमुरा यांचा हात पाहून अनेकांनी या करामती गिरवल्या. आपल्याकडच्या रेनॉल्ड्सचे टोपण मागे खोचले, की तोल एकीकडे कलतो. म्हणून मुरलेले खेळाडू दोन पेनांची टोपणे एकाच पेनाच्या दोन्ही टोकांना बसवतात. टोकांशी वजन आले, की गिरकी संथ आणि एकसारखी होते, आणि बोट जरा चुकले तरी पेन सावरता येते.