प्रयोगशाळेची किल्ली

विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण बहुधा शोधांचा इतिहास सांगतो. कोणत्या साली कोणता किरण सापडला, कोणत्या मूलद्रव्याला कोणी नाव दिले, कोणाला कोणते पारितोषिक मिळाले, या गोष्टी क्रमिक पुस्तकांत येतात, आणि त्या यायलाच हव्यात. परंतु ज्या खोलीत हजारो सामान्य विद्यार्थी पहिल्यांदा ब्युरेट हाती धरतात, तराजूचा काटा स्थिर होण्याची पहिल्यांदा वाट पाहतात, त्या कॉलेजातील प्रयोगशाळेचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. त्या खोलीत नवा शोध लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट तेथे पुन्हा एकदा सिद्ध होते, इतकेच. तरीही तिच्या मागे एक मोठी व्यवस्था उभी असते. कोणत्या तुकडीने कोणत्या वारी यावयाचे, कोणते उपकरण कोणाच्या वाट्याला किती वेळ यावयाचे, द्रावणे कोणी आणि केव्हा तयार करून ठेवावयाची, फुटलेल्या काचेचा हिशेब कोणी द्यावयाचा, आणि संध्याकाळी कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात जावयाची, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे कोणी तरी दिलेली असतात. ती उत्तरे कशी मिळत गेली, आणि ती नीट न मिळाली तर काय होते, याचा थोडासा विचार आज करावयाचा आहे.

विद्यार्थ्याने स्वतः प्रयोग करावा, ही कल्पना आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटते. प्रत्यक्षात ती फार जुनी नाही. दीर्घकाळ प्रयोग करीत तो प्राध्यापक, आणि पाहत तो विद्यार्थी. जर्मनीतील गीसेन विद्यापीठात १८२४ साली युस्टुस फोन लीबिग या अवघ्या एकवीस वर्षांच्या रसायनज्ञाची नेमणूक झाली. त्याने एका जुन्या बराकीच्या आवारात आपली प्रयोगशाळा थाटली आणि विद्यार्थ्यांच्याच हाती पदार्थ देऊन त्यांचे पृथक्करण करावयास लावले. सोप्या पदार्थापासून आरंभ करावयाचा, हळूहळू अवघडाकडे जावयाचे, आणि उत्तर पुस्तकात न शोधता परीक्षानळीत शोधावयाचे, ही त्याची पद्धत. युरोपभरातून आणि अमेरिकेतूनही तरुण तेथे आले आणि परत जाताना ती पद्धत आपापल्या देशी घेऊन गेले.

रसायनशास्त्रात हे तुलनेने सोपे होते. परीक्षानळ्या स्वस्त असतात. वीस विद्यार्थ्यांना एकाच वेळी एकच प्रयोग देता येतो. पदार्थविज्ञानाची अडचण वेगळी होती. तेथील उपकरण महाग, आणि प्रत्येक प्रकारचे एकच. एका वर्णपटमापकाभोवती वीस जण उभे राहिले, तर एक जण पाहणार आणि एकोणीस जण पाठ पाहणार! या अडचणीतून मार्ग काढला तो बॉस्टनच्या तंत्रविद्यालयातील एडवर्ड पिकरिंग या प्राध्यापकाने, १८६९ च्या सुमारास. त्याने प्रत्येक टेबलावर एकेक उपकरण कायमचे मांडले, त्याच्याजवळ लेखी सूचना ठेवल्या, आणि उपकरणे हलविण्याऐवजी विद्यार्थ्यांनाच एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरविले. कोण कोणत्या टेबलावर आहे, हे सर्वांना दिसेल असे दर्शविले जाई. ही युक्ती अगदी साधी वाटेल. पण आज आपल्या प्रत्येक कॉलेजात प्रात्यक्षिकांचे जे चक्र भिंतीवर लावलेले असते, त्याचे मूळ या युक्तीत आहे. थोड्या साधनांत पुष्कळांना प्रत्यक्ष अनुभव देणे हा बुद्धीचा प्रश्न आहे तितकाच व्यवस्थेचाही आहे, हे पिकरिंगने दाखवून दिले.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती परीक्षा घेणारी विद्यापीठे म्हणून. विज्ञान हा विषय अभ्यासक्रमात होता, पण तो मुख्यतः वाचावयाचा, पाठ करावयाचा आणि उत्तरपत्रिकेत उतरवावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी रसायन आणि पदार्थविज्ञान या विषयांवर मराठीत ग्रंथ लिहून हे ज्ञान इंग्रजी न जाणणाऱ्यांच्या दारापर्यंत नेले. भाषेची किल्ली त्यांनी मिळवून दिली. साधनांची किल्ली मिळावयास आणखी काळ जावा लागला. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यात एक महत्त्वाचे कलम आले. प्रायोगिक विज्ञान शिकविण्यासाठी ज्या कॉलेजाला संलग्नता हवी असेल, त्याने योग्य साधनांनी सज्ज अशी प्रयोगशाळा किंवा संग्रहालय यांची तरतूद दाखविली पाहिजे, असे ते कलम म्हणते. कर्झनच्या या कायद्याला आपल्या नेत्यांनी कडाडून विरोध केला, आणि तो सकारणही होता. परंतु या एका कलमाने प्रयोगशाळा ही कॉलेजाची शोभा न राहता अट झाली, हेही नमूद केले पाहिजे.

कायद्याने मात्र खोली मिळते. खोलीत प्रवेश मिळतोच असे नाही. याची दोन उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत, आणि विलक्षण गोष्ट अशी की, त्या दोन्हींत एकच थोर व्यक्ती आहे.

कलकत्त्यात १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकांच्या देणग्यांतून विज्ञानसंवर्धक संस्था स्थापन केली. सभागृह होते, उपकरणे होती, व्याख्याने होत. पण स्वतः संशोधन करणारा माणूस काही मिळेना. सरकारांनी १९०४ साली देह ठेवला तो ही खंत मनात घेऊनच. पुढे १९०७ साली अर्थखात्यात नेमणूक झालेला एक तरुण अधिकारी कलकत्त्यास आला. त्याने संस्थेची पाटी पाहिली आणि आत जाऊन काम करण्याची परवानगी मागितली. संस्थापकांचे पुत्र अमृतलाल सरकार यांनी ती आनंदाने दिली. हा तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. दहा वर्षे ते दिवसा सरकारी हिशेब पाहत आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळेत घालवीत. त्यांच्यासाठी दार उघडणारा, उपकरणे मांडून देणारा साहाय्यक म्हणजे आशुतोष डे. त्याला विद्यापीठीय शिक्षण लाभले नव्हते; पण त्याच्या कुशल हातांवाचून त्या काळातील रामन यांचे पुष्कळसे काम झाले नसते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या परिणामाचा शोध लागला, त्याच्या मुळाशी वेळी-अवेळी उघडणारे हे दार होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ मार्च रोजी, रामन यांनी आपल्या या नव्या प्रारणाविषयी विस्तृत व्याख्यान दिले ते बंगळूर येथे.

आता आपण त्या बंगळुरातच येऊ. जमशेटजी टाटांच्या दानातून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या भूमीवर १९०९ साली भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली, आणि १९११ साली तेथे पहिले विद्यार्थी आले. मराठी माणसाचा या संस्थेशी संबंध आरंभापासूनचा. नारायणराव भागवत आणि त्यांचे बंधू माधवराव हे दोघेही येथे रसायनशास्त्र शिकले. नारायणरावांची कन्या कमला हिने १९३३ साली मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी उत्तम रीतीने मिळविली आणि वडिलांच्या व चुलत्यांच्या या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. अर्ज नाकारण्यात आला. कारण एकच, अर्जदार स्त्री होती.

कमलाबाई बंगळुरास गेल्या आणि कारण विचारीत ठाण मांडून बसल्या. तो गांधीयुगाचा काळ होता. सत्याग्रहाचा अर्थ त्यांना समजावून सांगण्याची जरुरी नव्हती. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्षभर त्या नियमित विद्यार्थिनी समजल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीअपरात्रीही, काम करावे लागेल. आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट त्यांना आयुष्यभर बोचली, आणि पुढे त्यांनी ती जाहीरपणे बोलूनही दाखविली. श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि स्त्रियांसाठी ते दार उघडले. ज्याच्यासाठी एके काळी दुसऱ्याने दार उघडले होते, त्याच्याच हातून ते दुसऱ्यासाठी सहज उघडले गेले नाही, हे सांगताना रामन यांचे मोठेपण उणे करावयाचे नाही. प्रयोगशाळेची किल्ली हाती असणे ही किती नाजूक सत्ता आहे, एवढेच यावरून ध्यानी घ्यावयाचे.

पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या विभागात त्या वर्षीच्या जागा भरल्या होत्या. तेव्हा डेरेक रिक्टर या संशोधकाने आपलेच टेबल दिवसा त्यांना देऊ केले, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सांगितले आहे; तो स्वतः रात्री काम करणार होता. बंगळुरातही रात्रपाळी होती आणि येथेही. पण तेथे ती अट म्हणून लादली होती, येथे ती सौजन्याने आपण होऊन पत्करलेली होती. वेळापत्रक एकच असले, तरी त्यामागील मनोवृत्ती निराळी असू शकते. १९३९ साली वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम सी या द्रव्याविषयीच्या प्रबंधासाठी त्यांना पीएच. डी. मिळाली. स्वातंत्र्यानंतर सौ. कमला सोहोनी म्हणून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या, विद्यार्थ्यांच्या हातून डाळी, नीरा अशा गरिबांच्या अन्नावर संशोधन करविले, आणि कालांतराने त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. किल्ली आता त्यांच्या हाती होती, आणि तिचा उपयोग त्यांनी दारे उघडण्यासाठी केला.

स्वातंत्र्योत्तर काळात कॉलेजे गावोगाव निघाली, प्रयोगशाळाही निघाल्या. येथे एक निराळाच अडसर दिसू लागला. सरकारी कचेरीत ज्याचे आयुष्य जाते, त्याला जडवस्तूंच्या नोंदवहीचे माहात्म्य सांगावे लागत नाही. उपकरण आले की ते नोंदवहीत चढते. मोडले की त्याचा जाब द्यावा लागतो. त्याचे निर्लेखन होईपर्यंत संबंधितांच्या जिवाला घोर लागतो. साहजिकच, उपकरण कपाटाबाहेर न काढणे हाच ते सुरक्षित ठेवण्याचा उत्तम मार्ग ठरतो. तपासणीस विचारतो, ‘उपकरण आहे का?’ ते किती विद्यार्थ्यांनी हाताळले, हे तो विचारीत नाही. दोष तपासणिसाचा नाही, नोंदवहीच्या रकान्यांचा आहे. खरेदीची तारीख आणि किंमत यांच्याशेजारी ‘वर्षभरात किती दिवस वापर’ असा एक रकाना असता, तर पुष्कळ कुलुपे आपोआप उघडली असती.

अलीकडे बंगळुरातच या दिशेने एक चांगला उद्योग झाला आहे. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीने, अन्य दोन राष्ट्रीय अकादमींच्या सहकार्याने, कॉलेजातील शिक्षकांसाठी प्रायोगिक पदार्थविज्ञानाचे उजळणी वर्ग चालविले. प्रा. आर. श्रीनिवासन यांनी त्यासाठी अल्पखर्चाच्या उपकरणांचा एक संच सिद्ध केला. त्यातील खरा लाभ असा की, शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन टेबलापाशी उभा राहतो. ज्याने स्वतः उपकरण हाताळले आहे, त्याला ते विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे भय वाटत नाही.

या साऱ्याची आवश्यकता किती आहे, हे पाहावयाचे तर बंगळूरच्या आग्नेयेस असलेल्या बेळ्ळंदूरकडे पाहावे. तेथील विस्तीर्ण तलावाच्या आसपास आज मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या आहेत, आणि त्यांत काम करणारी अनेक मराठी कुटुंबे तेथे राहतात. शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे या तलावात आले. २०१५ च्या सुमारास त्यावरील फेसाचे लोट रस्त्यावर उडू लागले, आणि फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्ये तर तलावात आग भडकलेली लोकांनी पाहिली.

अशा पाण्यात प्राणवायू किती उरला आहे, हे मोजण्याची रीत विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञाने १८८८ साली सांगितली. ती कॉलेजातील विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. बाटलीभर पाणी हवेचा बुडबुडा न शिरू देता भरावयाचे, काठावरच त्यात मँगनीजचा क्षार आणि अल्कयुक्त आयोडाइड घालावयाचे. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. नसेल तर पांढराच राहतो. पुढे आम्ल घालून मुक्त झालेले आयोडीन थायोसल्फेटने मोजले की प्राणवायूचे प्रमाण हाती येते. पण या छोट्या प्रयोगालाही द्रावणे रसायन विभागाची लागतात, तापमापक पदार्थविज्ञान विभागाचा, पाण्यातील जीवजंतू ओळखणारा डोळा प्राणिशास्त्र विभागाचा. शिवाय तुकडीला तलावापर्यंत नेण्यासाठी वेळापत्रकात एक मोकळी दुपार लागते. तीन विभागांच्या तीन किल्ल्या एका दुपारी एकत्र आल्या नाहीत, तर तलाव दारात असूनही विद्यार्थी त्याविषयीचे वाक्य पुस्तकातूनच पाठ करणार. आणि त्या आल्या, तर तोच विद्यार्थी उद्या नागरिक म्हणून पाण्याविषयी बोलेल तेव्हा ऐकीव बोलणार नाही, मोजून बोलेल.

प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणारा माणूस हा कॉलेजातील दुय्यम माणूस समजला जातो. त्याचे नाव अहवालात येत नाही, समारंभात त्याला हार पडत नाही. परंतु गीसेनपासून बेळ्ळंदूरपर्यंतचा हा इतिहास सांगतो की, विज्ञान विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ते त्याच्या हातून. उपकरणे पैशाने मिळतात आणि इमारती दानाने उभ्या राहतात. दार कोणासाठी, केव्हा आणि किती वेळ उघडावयाचे, हे मात्र रोज सकाळी कोणाला तरी ठरवावे लागते. आणि ते तो कोणत्या मनाने ठरवितो, यावरच त्या प्रयोगशाळेत खरोखर प्रयोग होणार की नाही, हे अवलंबून असते.