आघातोत्तर तणाव विकार व व्यसनाधीनता : एकत्रित उपचार

युद्ध, बलात्कार, अपघात किंवा बालपणीचे अत्याचार यांच्या आठवणींनी पछाडलेली व्यक्ती झोप लागावी म्हणून अनेकदा दारूकडे वा गोळ्यांकडे वळते. नशा उतरताच त्याच आठवणी अधिक जोराने उसळतात. आघातोत्तर तणाव विकार व व्यसन या जोडआजारावर एकाच वेळी करावयाचे उपचार म्हणजे एकत्रित उपचार. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेने आघातोत्तर तणाव विकार स्वतंत्र निदान म्हणून स्वीकारला, तरी ‘आधी व्यसन सोडा, मग आघाताचे पाहू’ हाच शिरस्ता दीर्घकाळ टिकला. त्यात रुग्ण दोन विभागांच्या मध्ये लोंबकळत राही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा नजाविट्स यांची ‘सीकिंग सेफ्टी’ ही पद्धत (पुस्तिका २००२) २५ विषयांत विभागलेली आहे. तीत आघाताचा तपशील उगाळला जात नाही. आजचा दिवस सुरक्षित कसा काढावा, हे शिकवतात. पद्धत लोकप्रिय असली, तरी मोठ्या चाचण्यांत ती इतर गट-उपचारांपेक्षा ठळकपणे सरस ठरलेली नाही. याउलट ‘कोप’ या दुसऱ्या एकत्रित पद्धतीत आघाताच्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जावे लागते. ऑस्ट्रेलियातील १०३ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) तिच्यामुळे तणावाची लक्षणे नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक घटली व व्यसन बळावले नाही. म्हणजे आठवणी उकरल्यास व्यसन बळावेल, ही जुनी भीती फाजील होती. मात्र व्यसन कमी करण्यात तिची वेगळी सरशी दिसली नाही.

औषधांत तणावासाठी सर्ट्रालिन, दारूच्या ओढीसाठी नाल्ट्रेक्सोन वापरतात. बेंझोडायझेपीन गटातील गोळ्या तणाव विकारासाठी टाळतात. त्यांचेच व्यसन लागू शकते. दीर्घकाळची दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात, म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागते.