निम्म्या घराला लस

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत न्यूमोनिक प्लेगची साथ पसरली. काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेले. मागे राहिलेल्यांना टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल वाटल्या गेल्या. औषधाचा गुण तपासायला निम्म्या गल्ल्या त्याविना ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा प्लेगवरचा उपयोग कित्येक दशकांपूर्वीच सिद्ध झाला होता.

सुरतेच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर, वडोदऱ्याजवळच्या उंडेरा गावात, फेब्रुवारी 1898 मध्ये मात्र प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना प्लेगची लस टोचली गेली आणि बाकीच्यांना मुद्दाम वगळलं गेलं. ज्यांना नवं औषध मिळत नाही अशा माणसांचा ‘तुलना गट’ आज अनेक वैद्यकीय चाचण्यांत असतो. त्याच्या भारतीय कुळात उंडेऱ्याचं स्थान फार वरचं आहे.

या कुळाचा मूळपुरुष जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन. 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत त्यांनी प्लेगची नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. गजाआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा, हा प्रश्न आजची कोणतीही नीतिसमिती पहिल्यांदा विचारेल.

त्याच वर्षी सुरतेच्या दक्षिणेला, पोर्तुगीजांच्या दमणमध्ये, दोन हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. त्यांच्यात मृत्यू फारच कमी झाले. पण तिथे लस घेतली ती पुढे आलेल्यांनी. तीच माणसं कदाचित अधिक सावध, अधिक सुस्थितीतली असतील. मग श्रेय कुणाचं, लसीचं की परिस्थितीचं?

हाफकिन यांच्या उंडेऱ्यातल्या प्रयोगात ही शंका मिटली. घर एक, चूल एक, उंदीरही तेच. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेले 71 जण होते. त्यांतले 8 आजारी पडले, 3 दगावले. न घेतलेल्या 64 पैकी 27 आजारी पडले आणि त्यांतले 26 गेले.

हे 26 मृत्यू आकड्यांमागे दडवता येत नाहीत. हाफकिनना स्वतःला लसीची खात्री होती. मग वगळावं कसं? बेंजामिन फ्रीडमन या तत्त्वचिंतकाने 1987 मध्ये याचं उत्तर मांडलं: एका डॉक्टरची खात्री पुरेशी नाही, जाणकारांमध्ये खरा मतभेद असेल तरच तुलना न्याय्य. 1898 मध्ये तो मतभेद होता. पण वगळलेल्या माणसाला हे सगळं सांगून त्याची संमती घेणं, हा दंडक नंतरचा. 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने तो जगभर रुजवला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 1980 मध्ये याविषयी आपलं पहिलं धोरणपत्र काढलं.

गांबियात 1986 मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिस-बी लसीच्या अभ्यासाने वेगळी वाट काढली: लस टप्प्याटप्प्याने देशभर न्यायची, आणि ज्या भागांची पाळी यायची आहे तेच तोवर तुलना गट. रुग्णसुरक्षेच्या कामाला ही रीत विशेष मानवते. हात धुण्याची शिस्त किंवा शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी-यादी सर्व वॉर्डांत एकदम लावणं इस्पितळाला क्वचितच जमतं. अशा वेळी कोणत्या वॉर्डाची पाळी आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येतं. कोणी कायमचं वगळलं जात नाही, आणि बदलाने रुग्णांचं खरोखर भलं झालं का, हेही मोजता येतं.