मुक्या सीतेचा शोध

ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. तेथें बालगंधर्वांविषयीं वाचावें तितकें थोडेंच. आम्ही मात्र शोधीत होतों अण्णा साळुंके यांना. हॉटेलांतल्या या आचाऱ्याला दादासाहेब फाळक्यांनीं १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटांत तारामती केलें, कारण त्या कामाला स्त्री मिळेना. १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रपटांत तर राम तेच आणि सीताहि तेच! गंधर्वांच्या सिंधूला पदें होतीं; या सीतेनें विरह सांगावयाचा तो केवळ डोळ्यांनीं नि हातांनीं. आमच्या मतें हें काम अधिक कठीण. संगीतरसिकांनीं रागावूं नये. पुढें साळुंके कॅमेऱ्यामागें गेले. गंधर्वांचा सूर तबकड्यांत राहिला. साळुंक्यांविषयीं पुस्तकांमागून पुस्तकें चाळून आमच्या वहींत वारंवार उतरली ती एकच ओळ : पूर्वीचे आचारी.